बॅकअप आहे ना? मग एकदा परत आणून दाखवा! सिस्टिम ॲडमिनकडून दुकानदाराने घ्यायच्या ४ सवयी



व्हिडिओत घाईघाईत सांगितलेले मुद्दे इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची उधारी, स्टॉक, ग्राहकांचे नंबर, जीएसटीची बिलं सगळं एका कॉम्प्युटरमध्ये असतं. जीएसटीचा हिशेब तर त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. आणि "बॅकअप आहे का?" विचारलं की उत्तर येतं, "हो, पोरगा घेतो बहुतेक."

या "बहुतेक"वरच आज बोलायचंय. त्यासाठी अशा माणसाकडे जाऊ, ज्याचं पोटच दुसऱ्याचा डेटा सांभाळण्यावर चालतं: युनिक्स सिस्टिम ॲडमिन.

हा माणूस दिवसभर करतो काय?

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. आज बहुतेक वेबसाइट ज्या लिनक्सवर चालतात, ते त्याच वळणाचं. ही मशिन्स सांभाळणारा तो ॲडमिन.

त्याच्यासमोर बहुधा काळा पडदा आणि त्यावर टाइप केलेल्या आज्ञा. "एसएसएच" वापरून तो लांबच्या मशिनमध्ये शिरतो. "डीएफ" टाइप करून डिस्कमध्ये किती जागा उरली ते बघतो. मशिन स्वतःची रोजनिशी लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात. त्यातली हवी ती ओळ "ग्रेप" शोधून देतो. आणि "क्रॉन" हा त्याचा न झोपणारा नोकर: रात्री २ वाजता बॅकअप घे म्हटलं की रोज २ वाजता घेणार.

सगळं सुरळीत असलं की त्याची आठवण कुणालाच नाही. बंद पडलं की पहिला फोन त्यालाच.

३१ जानेवारी २०१७: एका चुकीच्या खिडकीची किंमत

गिटलॅब ही प्रोग्रामर लोकांचं काम साठवून ठेवणारी कंपनी. त्या दिवशी त्यांच्या डेटाबेसवर फार ताण आला होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची नक्कल. नक्कल मागे पडली म्हणून रात्री उशिरा एक इंजिनिअर ती पुसून नव्याने बनवायला बसला. दोन्ही सर्व्हरची नावं जवळपास सारखी, फरक एका आकड्याचा. पुसायची आज्ञा गेली ती मुख्य सर्व्हरवर.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलंही. पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साधारण ४.५ जीबी उरला होता. युनिक्सच्या "आरएम" या आज्ञेला रिसायकल बिन नसतो. गेलं ते गेलं.

"मग बॅकअप?" होते ना! एक नाही, अनेक प्रकारचे. आता बघा काय निघालं.

रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या व्हर्जनचा होता, त्यामुळे तो रोज फेल होत होता. साठवणीची जागा रिकामी. फेल झाल्याचे ईमेल सर्व्हर पाठवत होता, पण ते वाटेतच नाकारले जात होते. डिस्कची प्रत काढायची सोय डेटाबेसच्या मशिनसाठी चालूच केलेली नव्हती. आणि नक्कल सर्व्हर आधीच पुसून झाला होता.

वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने सुमारे ६ तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने एक प्रत काढली होती, तिने. ती परत आणायला १८ तासांच्या आसपास गेले. लोकांनी साठवलेले प्रोग्राम वाचले, पण मधल्या ६ तासांतल्या सुमारे ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती गेली.

कंपनीने माणसावर खापर न फोडता सगळी हकीकत जाहीर लिहिली, म्हणून आज आपल्याला शिकता येतंय. तुमच्या दुकानातल्या मुलाकडून काही पुसलं गेलं, तर तो लपवेल की लगेच सांगेल? हे तुमच्या स्वभावावर आहे.

आता आपल्या दुकानात काय करायचं?

१. परत आणून बघितला तोच बॅकअप. फाइल दिसते म्हणजे ती उघडेलच असं नाही. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायची. चालू कॉम्प्युटरवर प्रयोग नको, नाहीतर जुना डेटा आजच्या डेटावर बसेल!

२. शांतता म्हणजे "झालं" नव्हे. फेल झाल्याचा मेसेज आला नाही, याचा अर्थ बॅकअप झाला असा नाही. रोज गल्ला मोजता तशी शेवटच्या बॅकअप फाइलची तारीख आणि साइज बघा. कालची तारीख नाही, किंवा साइज अचानक घटली, तर तिथेच थांबा. १० सेकंदांचं काम आहे.

३. मुख्य किल्ली रोज वापरायची नाही. युनिक्समध्ये "रूट" नावाचा वापरकर्ता काहीही पुसू शकतो. म्हणून शहाणा ॲडमिन साध्या लॉगिनवर काम करतो आणि गरज पडेल तेव्हाच "सुडो" लावून तेवढ्यापुरता अधिकार घेतो. कोणी काय केलं याची नोंदही राहते. आपणही बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन द्या. बिल पुसायचा अधिकार मालकाकडे. सगळ्यांचा एकच पासवर्ड म्हणजे गल्ल्याची चावी काउंटरवर ठेवण्यासारखं आहे.

४. पुसण्याआधी "मी आत्ता कुठे आहे?" हे स्वतःला विचारा. त्या घटनेनंतर गिटलॅबनेही ठरवलं की कोणत्या सर्व्हरवर आहोत ते पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे. दोन दुकानं किंवा दोन आर्थिक वर्षांच्या फाइली असतील तर नावं स्पष्ट वेगळी ठेवा. नको असलेली फाइल लगेच पुसू नका, आधी नाव बदलून बाजूला ठेवा. महिनाभर कुणी विचारलं नाही, मग बघू.

आणि बॅकअप किती? ३-२-१ लक्षात ठेवा: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुकानाबाहेर. पेन ड्राइव्ह कायम कॉम्प्युटरला लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही खातो आणि चोर दोन्ही उचलून नेतो.

या आठवड्याचा गृहपाठ (वेळ: अर्धा तास)

बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन गोष्टी जुळवा: बॅकअप घेतला त्या दिवसाचा शेवटचा बिल नंबर, त्या दिवसाची एकूण विक्री, एका नेहमीच्या ग्राहकाची उधारी. किती वेळ लागला आणि काय पायऱ्या केल्या, ते कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवा. तुम्ही गावाला गेलात तरी दुसऱ्याला जमलं पाहिजे.

तिन्ही जुळलं तर व्हिडिओखाली "जुळलं" लिहा. नाही जुळलं तरी लिहा, आणि कुठे अडलं तेही सांगा. आज बॅकअप उघडला नाही तर काही बिघडत नाही, दुकान चालू आहे. खरा डेटा गेल्यावर उघडला नाही, तर उधारी किती आहे ते ग्राहकालाच विचारावं लागेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!