लहान मुलांस वाक्यांतील नामाची ओळख

व्याकरणाचा पहिला धडा बहुतेक ठिकाणीं एका व्याख्येनें सुरू होतो. 'वस्तूच्या नांवास नाम म्हणतात' हें वाक्य मुलें एका दिवसांत पाठ करितात. परंतु दुसऱ्या दिवशीं फळ्यावरील वाक्यांतून नामें निवडावयास सांगितलें असतां वर्गांत गोंधळ उडतो. कोणी 'लाल फूल' यांतील 'लाल' हें नाम म्हणून दाखवितो, कारण तांबडा रंग त्यास डोळ्यांनीं दिसतो. 'भूक' मात्र सोडून देतो, कारण भूक दिसत नाहीं. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. व्याख्या वस्तूकडे बोट दाखविते, आणि आपण शोध करावयास सांगतों तो वाक्यांत. म्हणून नाम ओळखावयाचें तें वाक्यांतील त्याच्या कामावरून, हें तत्त्व धरून शिकविण्याचा क्रम कसा असावा, याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, मूल शाळेंत येतें तेव्हां नामाचें बरेंच ज्ञान बरोबर घेऊन येतें. 'घोडा' या शब्दास 'ला' लागतांना 'घोड्याला' होतें, 'विहीर' या शब्दापासून 'विहिरींत' होतें, हें त्यास कोणीं शिकविलेलें नसतें. प्रत्ययापूर्वीं होणाऱ्या या बदलास व्याकरणांत सामान्यरूप म्हणतात. इ. स. १८०५ मध्यें विल्यम केरी यांचें व १८३६ मध्यें दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. परंतु त्यापूर्वीं शेंकडों वर्षें मराठी माणसें हीं रूपें बिनचूक चालवीतच होतीं. मुलाच्या तोंडीं जें आहे तें त्याच्या ध्यानांत आणून देणें, एवढेंच शिक्षकाचें काम.

पहिली पायरी प्रश्नाची. फळ्यावर मुलांच्याच तोंडचें एखादें वाक्य लिहावें: 'माझ्या बापानें कारंज्याच्या बाजारांत तूर विकली.' मग विचारावें, कोणीं विकली? बापानें. काय विकलें? तूर. कोठें विकली? बाजारांत. कोठल्या बाजारांत? कारंज्याच्या. चार उत्तरें आलीं आणि चारही नामें हातीं लागलीं. 'माझ्या' हा शब्द उच्चारला कीं 'माझ्या कोण?' असा प्रश्न उरतो, तसाच 'लाल' म्हणतांच 'काय लाल?' असा उरतो. जो शब्द ऐकून असा प्रश्न शिल्लक राहतो, त्यास तूर्त बाजूस ठेवावें.

दुसरी पायरी प्रत्ययाची. 'बाप – बापाला', 'तूर – तुरीला', 'बाजार – बाजाराला' असें म्हणवून घ्यावें आणि मग 'विकली' या शब्दास 'ला' लावावयास सांगावें. 'विकलीला' हें ऐकतांच मुलें हंसतात. तें हंसणेंच उत्तर होय. 'त्याला', 'तिला' यांसही प्रत्यय लागतो, अशी शंका एखादें चलाख मूल काढील. त्यास विचारावें, 'तो म्हणजे कोण?' नाम स्वतः नांव सांगतें. सर्वनामाचें नांव मागाहून विचारावें लागतें.

या पाठास आपल्या जिल्ह्याचा नकाशाही उपयोगी पडतो. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचे सहा तालुके फळ्यावर मांडावेत: वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. प्रत्येकास 'हून' जोडावयास सांगावें. वाशिमाहून, रिसोडाहून, मानोऱ्याहून अशीं रूपें मुलें आपण होऊन सांगतात, आणि विशेषनामही सामान्यनामाप्रमाणेंच चालतें हें त्यांस कळून येतें.

तिसरी पायरी फसव्या शब्दांची. 'मुलांचा खेळ रंगला' यांत 'खेळ' नाम आहे. 'बाळ, अंगणांत खेळ' यांत तेंच अक्षर क्रियापद आहे. 'तिची चाल मंद आहे' आणि 'जरा भरभर चाल' ही दुसरी जोडी. शब्दाची जात त्याच्या कपाळीं लिहिलेली नसते, ती वाक्यांत ठरते, हें येथें मुलास उमगतें. 'भूक' या शब्दाचा उलगडाही असाच होतो. 'वांसरूं भुकेनें हंबरलें' असें म्हटलें कीं न दिसणारी भूक 'नें' घेऊन नामांच्या पंक्तीस येऊन बसते.

आतां एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. आपल्या भागांतील मूल शेतास 'वावर' म्हणतें, आईस 'माय' म्हणतें, आणि 'ला' ऐवजीं 'ले' लावतें. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलाच्या घरीं आई ही 'याडी' असते. अशा मुलानें 'वावर' हें नाम सांगितलें असतां 'तसें नव्हे, शेत म्हण' असें म्हणून त्यास खालीं बसविलें, तर त्याचें उत्तर बरोबर असूनही तें चूक ठरतें. पुढील वेळीं तें हात वर करीत नाहीं, आणि व्याकरण म्हणजे परक्यांची विद्या अशी त्याची समजूत होते. वास्तविक 'बैलाले पाणी पाज' या वाक्यांत बैल हें नाम जितक्या स्पष्टपणें दिसतें, तितकेंच तें 'बैलाला पाणी पाज' या वाक्यांत दिसतें. 'मायले', 'वावरात', 'याडीनें भाकरी केली' या सर्वांस वरील कसोट्या जशाच्या तशा लागू पडतात. ग्रंथांतील शब्द मुलास अवश्य शिकवावा, परंतु घरच्या शब्दाच्या शेजारीं बसवून; घरच्या शब्दास हांकून नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत घरीं गेल्यावर धाकट्या भावंडांस जवळ बसवून हा प्रयोग करून पाहावा. पाटी, पुस्तक कांहींच नको. त्यांस दिवसभरांत घडलेली एक गोष्ट सांगावयास लावावी, तींतील एक वाक्य घ्यावें आणि कोण, काय, कोठें असें विचारावें. व्याख्या सर्वांत शेवटीं सांगितली तरी चालेल. तोंवर ती त्यांची त्यांनींच केलेली असेल.