चोर सोडून संन्याशाला

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ऑक्सिजन सेन्सर पडून आहे. टोकाला भोकांची टोपी, मागे चार वायरींची शेपटी. त्याच्यात काही बिघाड नाही, कधी नव्हताही. तरी मी तो काढून त्याच्या जागी ५,२०० रुपयांचा नवा बसवला, कारण त्याने तक्रार केली होती.

गाडी २०१५ची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची, ८२,००० किलोमीटर झालेली. जूनच्या शेवटी सासुरवाडीहून, म्हणजे रत्नागिरीहून, कोल्हापूरला परतत होतो. साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी हिसके द्यायला लागली. उचकी लागावी तशी. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला आणि लुकलुकायला लागला. बायको म्हणाली, "अहो, थांबूया का जरा?" बाहेर धो धो पाऊस, धुकं, मागे ट्रकचा हॉर्न. मी म्हटलं, "पेट्रोलमध्ये पाणी आलं असेल. कोल्हापूर काय आता लांब नाही." वर आंब्याला पोचल्यावर सपाटी आली, हिसके कमी झाले आणि मला माझंच म्हणणं पटलं. मलकापूर, बांबवडे करत उरलेले साठ-पासष्ट किलोमीटर मी तसेच रेटले.

तो दिवा स्थिर पेटतो तेव्हा त्याचं म्हणणं असतं, सवड काढून मला दाखव. लुकलुकतो तेव्हा म्हणणं वेगळं असतं: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय आणि ते सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची जाळी असते. तिच्यात कच्चं पेट्रोल पेटत राहिलं तर ती वितळते. म्हणून दिवा लुकलुकायला लागला की पाय सैल सोडावा, चढ घेऊ नये, जागा मिळेल तिथे बाजूला घ्यावं. हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. माझं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, नऊ वर्षं कोरं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. पोराने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. दोन कोड निघाले. पी-०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आणि पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडी उभ्याउभ्या तर शहाण्यासारखी चालत होती. तो म्हणाला, "साहेब, ओटू सेन्सर गेलाय, म्हणून मिश्रण बिघडलंय, म्हणून मिसिंग." ऐकायला सरळ वाटलं. सेन्सर बदलला, कोड उडवले, दिवा विझला. चार दिवस कोल्हापूरच्या सपाट रस्त्यांवर गाडी गुणी बाळासारखी वागली. पाचव्या दिवशी पन्हाळ्याच्या चढाला पुन्हा उचकी.

आता ह्या प्रकारातली गंमत समजून घ्या, कारण पैसे इथेच जातात. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला धुरातला फक्त ऑक्सिजन कळतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की पेट्रोल आणि हवा दोन्ही जशीच्या तशी बाहेर येतात. त्या हवेतला सगळा ऑक्सिजन सेन्सरसमोरून जातो आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, इथे ऑक्सिजन फार आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग तो चारही सिलिंडरांना जास्त पेट्रोल सोडतो. उरलेले तीन भले सिलिंडर उगाच तुपात घोळतात, ॲव्हरेज पडतं आणि दोन नंबरचं न जळलेलं पेट्रोल आणखी वाढतं. पी-०१७१ हा मिसफायरचा परिणाम होता, आम्ही त्याला कारण समजलो. ज्याने वर्दी दिली त्यालाच आत टाकला.

दुसऱ्या खेपेला त्याच गॅरेजने दोन नंबरची इग्निशन कॉइल बदलली आणि चारही प्लग नवे घातले. ह्या वेळी गाडी खरोखर बरी झाली. जुलै, ऑगस्ट छान गेले. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, पुन्हा तीच उचकी, तोच कोड, आणि सोबतीला एक नवा: पी-०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, गॅरेजच्या भाषेत कॅट-कॉनचं, काम थंडावलंय. गॅरेजवाला म्हणाला, नवी कॉइल डिफेक्टिव्ह निघाली, बदलून देतो. इथे मात्र मला शंका आली. एकच कॉइल, एकाच जागी, चार महिन्यांत दोनदा जाते?

उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. लोक त्यांना मामा म्हणतात. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "थांबा. आधी सांगा, कधी करतीय? चढावर का सपाटीला? थंड असताना का तापल्यावर? पाऊस होता?" एवढं मला आधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. चढावर, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबला की, असं म्हटल्यावर मामा म्हणाले, "मग ठिणगी कुठंतरी पळतीय."

ठिणगीची गोष्ट अशी असते. प्लगच्या टोकाशी जवळपास एक मिलिमीटरची फट. चढावर जास्त हवा-पेट्रोल आत कोंबलं जातं, दाब वाढतो आणि तेवढीच फट ओलांडायला विजेला जास्त जोर लागतो. वाटेत कुठे सोपी पळवाट दिसली तर ती फट ओलांडण्याच्या भानगडीत न पडता तिथूनच पळते. उभ्या गाडीत दाब कमी, म्हणून सगळं ठीक. माझी गाडी गॅरेजमध्ये कधीच का आजारी पडायची नाही, ते तेव्हा कळलं. सीएनजीवाल्यांना हे आधी भोगावं लागतं. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लग-कॉइल कमजोर झाले की गाडी पेट्रोलवर नीट आणि गॅसवर मिसिंग करते. अशा वेळी सगळ्यांत आधी किटवाल्याला शिव्या बसतात.

मामांनी दोन आणि तीन नंबरच्या कॉइली आपसांत बदलल्या, शेजारी बसले आणि मला शिरोलीच्या पुलावर वरच्या गिअरमध्ये गाडी चढवायला लावली. परत येऊन स्कॅनर बघितला तर आता पी-०३०३. खोड कॉइलबरोबर सरकली होती. म्हणजे दोष कॉइलीत किंवा तिच्या रबरात. इंजेक्टर, प्लग आणि इंजिनाचा दाब सुटले. ह्या तपासणीला एक पैचा पार्ट लागत नाही, दहा मिनिटं लागतात. खोड दोन नंबरलाच राहिली असती तर पुढे प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशनचा गेज, अशा क्रमाने जायचं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे कॉइलच गेली ना मामा?"

"गेली. पण का गेली, ते बघायचं का न्हाई?"

त्यांनी कॉइलचं लांबोळकं रबर माझ्या हातात दिलं. फुगून मऊ झालेलं, काळ्या तेलाने माखलेलं. "हे बघा. तेलात तळलंय." आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ होती. वीज तिथून पळत होती आणि जाताजाता स्वतःसाठी वाट जाळून ठेवत होती. बॅटरी मारून प्लगच्या विहिरीत डोकावलो तर तळाशी बोटभर इंजिन ऑइल. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला प्लगच्या विहिरींभोवती सील असतात. त्यातलं दोन नंबरचं कडक होऊन चिरलं होतं, तेल झिरपत होतं, नवी कॉइलही त्याच तेलात महिनोन्‌महिने उभी होती. पहिल्या गॅरेजने कॉइल बदलली तेव्हा निदान खोटं नव्हतं, अर्धं होतं. विहिरीतलं तेल त्यांना दिसलं असणार. पुसून पुढे गेले असतील.

पॅकिंग, सील, एक कॉइल आणि मजुरी मिळून ४,१०० रुपये. जुना सेन्सर मी घरी आणून ठेवला होता. मामांनी तोही लावून दाखवला. स्कॅनरवर त्याची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये झोके घेत होती. अशा साध्या सेन्सरचं गरम इंजिनावर हेच तब्येतीचं लक्षण. एका जागी चिकटून बसला असता तर संशय घ्यायला जागा होती. "ह्याला कशापायी काढला हो?" मामांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून ओळखीतल्या कोणाच्या गाडीचा दिवा लागला की मी आगाऊपणे फोनवर काही गोष्टी सांगतो. पहिली ही, की कोड उडवू देऊ नका. आधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घ्या. कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाचं चित्र साठवून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिन किती आरपीएमला होतं, किती तापलं होतं, किती भार होता. कोड उडवला की हा पंचनामाही पुसला जातो. स्कॅनर आता घरोघर मिळतो, हजार-दीड हजारांचं ब्लूटूथचं डबडं मोबाइलला जोडलं की काम होतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांना ही ओबीडी-२ची सोय आहे, म्हणजे बहुतेकांकडे आहेच. अमेरिकेत ती १९९६ पासून सक्तीची.

त्या डबड्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे दिसतात, एक तात्पुरता, एक मुरलेला. मूळ हिशेबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय, ते त्यात कळतं. उणे दहा ते अधिक दहाच्या आत असतील तर चिंता नको. मिसफायर नसताना पी-०१७१ आला, तर हे आकडे दोनदा बघावेत. गाडी उभी असताना अधिक वीस-पंचवीस आणि रेस दिल्यावर खाली येतात? मग कुठेतरी नळी चिरून चोरटी हवा आत येतेय; इंजिन हळू चालताना ती गळती प्रमाणात मोठी असते, म्हणून तेव्हा जाणवते. उलट उभ्या गाडीत ठीक आणि जोरात पळवताना आकडा चढतो, तर पेट्रोलच कमी पोचतंय: फिल्टर किंवा पंप बघावा. दोन्ही ठिकाणी कोड तोच, सेन्सर निर्दोष, आणि खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

खरोखर सेन्सरच्या नावाने कोड येतो तेव्हाही आधी त्याचा कपलर आणि वायर बघावी. गेल्या गणपतीत माझ्या मेहुण्याची गाडी रत्नागिरीच्या घरामागे पंधरा दिवस उभी होती. नंतर सुरू केली तर काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि इंजिन थंडगार असताना पंखा भणाणतोय. मोबाइल लावला तर कूलंटचं तापमान उणे ४०! भाद्रपदात, रत्नागिरीत. ह्या सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटरला बहुधा हाच आकडा दिसतो. तो बिचारा गाडी सायबेरियात आहे असं समजून पेट्रोल ओतत होता. वायर उंदराने कुरतडली होती. बाप्पाच्या वाहनाने आमच्या वाहनावर राग काढला, असं सासूबाई म्हणाल्या. वीतभर वायर जोडली आणि टेप मारली, काम झालं. मेहुण्याने तोवर सेन्सर मागवून ठेवला होता. घराण्याचा वसाच आहे बहुतेक.

एक जुनी सवय मात्र सोडायला हवी. चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते ओळखायचं, ही कार्ब्युरेटरच्या काळातली युक्ती आजही काही ठिकाणी कॉइलवर वापरतात. झटका बसायचा तो बसतोच, शिवाय उपटलेल्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल सरळ कॅट-कॉनमध्ये जातं. बघायचंच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढावा, पेट्रोलच बंद होतं.

पी-०४२० काही गेला नाही. मामा म्हणाले होते, दोन महिने चालवा, कधीकधी सुधारतं. जानेवारीत दिवा पुन्हा लागला, ह्या वेळी शांत, स्थिर. कॅट-कॉन खोलल्यावर आतली जाळी एका बाजूला मेणबत्तीसारखी ओघळलेली दिसली. नव्याचे ३८,००० पडले. सगळा दोष जूनमधल्या त्या संध्याकाळचा नाही, ऑक्टोबरातही मी दोन आठवडे तशीच चालवली होती. तरी मी मनातल्या मनात ३८,०००ला ६५ने भागतोच. किलोमीटरला ५८५ रुपये होतात. आंब्याहून कोल्हापूरला एसटीचं तिकीट किती, ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. बायकोला माहीत आहे.