भिंत कोणाची, आवाज कोणाचा?

(मोठ्या गटासाठी पाठ)



दिवाळीच्या कार्यक्रमाची यादी करत असताना तुमच्यापैकी दोघांनी हात वर करून विचारले, "आम्ही मराठीतून रॅप केला तर चालेल का?" वर्गात हशा पिकला. मागे बसलेले एक काका म्हणाले, "अरे, ती काय कला आहे? नुसती बडबड!" एका मावशींना शिव्यांची काळजी वाटली. निर्णय काही झाला नाही. शेवटी बाई मला म्हणाल्या, "तुम्ही लहानपणापासून न्यूयॉर्कमध्ये वाढलात. तुम्हीच एक पाठ लिहून द्या." म्हणून हा पाठ. मी साहित्यातला माणूस नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनियर आहे. तेव्हा जे सांगायचे ते क्रमाने सांगतो.

१. सुरुवात कुठे झाली?

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ब्राँक्स आहे. १९४८ साली तिथे क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे बांधायला घेतला. हा रस्ता रॉबर्ट मोझेस यांनी भरवस्तीतून नेला, आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ज्यांना परवडले ते उपनगरांत गेले. मागे उरलेल्या वस्तीला बँका कर्ज देईनात. काही घरमालकांना घर दुरुस्त करण्यापेक्षा ते जाळून विम्याचे पैसे घेणे सोयीचे वाटू लागले. १९७० नंतरच्या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्समध्ये इमारतींमागून इमारती जळाल्या. शहराची तिजोरी रिकामी होती, म्हणून त्याच काळात अग्निशामक दलाची काही केंद्रेही बंद करण्यात आली.

अशा ठिकाणी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी तिने तिकीट लावले : मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता. त्यालाच पुढे सगळे 'डीजे कूल हर्क' म्हणून ओळखू लागले. हे कुटुंब जमैकाहून आलेले. हर्क बारा वर्षांचा असताना, १९६७ साली, ब्राँक्समध्ये आला होता. म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच, दुसऱ्या देशातून आलेल्या घरातला मुलगा.

२. यात इंजिनियरिंग कुठे आले?

हर्कच्या लक्षात एक गोष्ट आली. गाणे चालू असताना मुले जरा बेताने नाचत. पण गायक थांबला, बाकीची वाद्ये थांबली आणि नुसते ढोल वाजू लागले की सगळे जीव तोडून नाचत. या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. तो असतो जेमतेम काही सेकंदांचा. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. आम्ही प्रोग्रॅममध्ये ज्याला 'लूप' म्हणतो, ते हेच!

हे काम अचूक केले ग्रँडमास्टर फ्लॅशने. त्याचे खरे नाव जोसेफ सॅडलर, जन्म १९५८ चा, बार्बाडोसचा. ब्राँक्समधल्या एका तांत्रिक शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. दुसऱ्या तबकडीवर काय वाजणार आहे ते लोकांच्या आधी आपल्याला हेडफोनमधून ऐकता यावे, म्हणून त्याने स्वतः जोडणी करून एक बटण बसवले. तबकडीवर रंगीत खडूने खूण करून किती फेरे मागे न्यायची हेही तो मोजत असे.

आपणही मोजून पाहू. मोठी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. गाण्याच्या ठेक्यात मिनिटाला १०० ठोके असतील तर एका ठोक्याला ०.६ सेकंद. म्हणजे एका फेऱ्यात तीन ठोके. आठ ठोक्यांचा तुकडा पुन्हा वाजवायचा असेल तर तबकडी २⅔ फेरे मागे न्यायची. तीही अंधारात, गर्दीत, दुसरे गाणे चालू असताना! 'नुसती बडबड' म्हणणाऱ्यांनी हे एकदा घरी करून पाहावे.

३. गाण्यात खरे बोलायचे की नाही?

सुरुवातीला माइकवर बोलणारा सूत्रसंचालक लोकांना नाचायला बोलवी, यमके जुळवी, स्वतःची फुशारकी मारी. १९७९ साली रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड निघाली ती आपल्या न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या शुगर हिल रेकॉर्ड्समधून. तेही मौजेचेच गाणे होते.

मग १९८२ साली 'द मेसेज' आले. ते मुख्यतः एड फ्लेचर आणि मेली मेल या दोघांनी लिहिले. त्यात मौज नव्हती. दारात पडलेल्या काचा, जिन्यातली घाण, महागाई, थकलेले हप्ते, शाळा सोडून तुरुंगात जाणारा मुलगा, हे सगळे त्यात होते. गंमत अशी की रेकॉर्डवर ज्यांचे नाव होते, त्या फ्लॅशला आणि त्याच्या सोबत्यांनाच ते नको होते. पार्टीत येऊन लोकांनी आपलेच रडगाणे का ऐकावे, अशी त्यांना शंका होती. पण लोकांनी ते डोक्यावर घेतले. जे रोज दिसते पण कोणी बोलत नाही, ते कोणीतरी बोलले होते. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यासाठी पहिल्या पन्नास ध्वनिमुद्रणांची यादी केली, त्यात हे गाणे आहे.

४. माझी चूक

आम्ही १९८५ साली ठाण्याहून क्वीन्सला आलो. मी सात वर्षांचा होतो. तेव्हा रेल्वेचे कितीतरी डबे आतून-बाहेरून रंगवलेले असत. आईला त्याची भीती वाटे. मला मात्र ती अक्षरे वाचायचा छंद लागला होता. आमच्या वरच्या मजल्यावर पोर्तो रिकोच्या कुटुंबातला एक दादा राहत होता, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तो जिन्यात बसून टेप लावी. माझे निम्मे इंग्रजी मी त्या जिन्यात शिकलो. न कळलेला शब्द विचारला की तो टेप थांबवून अर्थ सांगे, कधी हसला नाही.

अकरा वर्षांचा असताना मी इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीच्या भिंतीवर जाड मार्करने माझे टोपणनाव लिहिले. दुसऱ्या दिवशी बाबांना कळले. ते ओरडले नाहीत. बादली आणि घासणी माझ्या हातात देऊन एवढेच विचारले, "भिंत कोणाची आहे? ती पुसणार कोण?" ती पुसणारे गृहस्थ रोज सकाळी मला गुड मॉर्निंग म्हणत असत. दोन शनिवार मी ती भिंत घासली.

बाबांचा प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. कीथ हेरिंग या चित्रकाराने १९८६ साली हार्लेममधल्या हँडबॉलच्या एका भिंतीवर भडक नारिंगी रंगात मोठे चित्र काढले. क्रॅक नावाच्या अमली पदार्थाविरुद्ध ते होते. त्या विषाने तेव्हा घरेच्या घरे उद्ध्वस्त होत होती. हेरिंगने परवानगी घेतली नव्हती, म्हणून त्याला दंड झाला. चित्रही गेले. पण त्याच वर्षी त्याच भिंतीवर, या वेळी परवानगीने, त्याने ते पुन्हा काढले. आज शहरच ते सांभाळते.

दुसरी गोष्ट आमच्या क्वीन्सची. लाँग आयलंड सिटीमधल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मालकाच्या संमतीने चित्रकार अनेक वर्षे चित्रे काढत. सात नंबरच्या गाडीतून ती दिसत. २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत मालकाने सगळ्यांवर पांढरा रंग फासला. पुढच्या वर्षी इमारतही पाडली. २१ चित्रकार कोर्टात गेले. २०१८ साली न्यायाधीशांनी त्यांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली आणि २०२० साली वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. म्हणजे भिंत मालकाची असली तरी तिच्यावरच्या चित्रात चित्रकाराचाही काही हक्क असतो, असे कायदा म्हणतो. मी तळघरात केले ते मात्र चूकच होते. मला काही सांगायचे नव्हते, फक्त माझे नाव दिसायला हवे होते.

५. ज्या प्रश्नाचे उत्तर मी चुकीचे दिले

आता जे सांगतो ते मी आमच्या मुलांनाही अलीकडेच सांगितले. एकदा जिन्यात त्या दादाने विचारले, "तुमच्या भाषेत असं काही आहे का? म्हणजे गरीब माणूस उभा राहून आपलं दुःख तालावर सांगतो, असं?" मी चटकन म्हणालो, "नाही." त्या वर्षी मी घराबाहेर मराठी बोलणे बंद केले होते. आई रस्त्यात मराठीत हाक मारी तेव्हा मी न ऐकल्यासारखे करी.

पुढे कॉलेजात असताना सुट्टीत घरी मी एक टेप लावली होती. बाबा थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "याचं काय एवढं नवल? आमच्याकडे शाहीर होते." त्या रात्री मी पहिल्यांदा अण्णा भाऊ साठे हे नाव ऐकले. जन्म १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत काम केले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. डफ, तुणतुणे, मागे 'जी जी' म्हणणारे झीलकरी, आणि पुढे उभा राहून कामगारांचे जगणे सांगणारा शाहीर!

हिप हॉप शाहिरीतून आले असे मी म्हणत नाही. या दोघांची कधी भेट नव्हती. पण गरज सारखी असली की माणसे सारखीच वाट काढतात. आणि एक धागा तर सरळच आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियात काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याचेच नाव समोर ठेवून १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या कवी-लेखकांनी दलित पँथर उभी केली. हर्कच्या पार्टीच्या एक वर्ष आधी!

तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर 'आहे' असे होते. पण मला ते कळेपर्यंत दादाचे कुटुंब इमारत सोडून गेले होते. मी ते त्याला कधीच सांगू शकलो नाही. दर रविवारी सकाळी तुम्हाला अंथरुणातून ओढून आम्ही इथे का आणतो, असे तुम्ही विचारता. माझे कारण हे आहे. तुम्हाला कोणी तो प्रश्न विचारला तर तुम्ही 'नाही' म्हणू नये.

६. आणि शिव्यांचे काय?

मावशींची काळजी खोटी नाही. पुष्कळ रॅपमध्ये शिव्या आहेत, बायकांबद्दल घाणेरडे बोलणे आहे. ते मी घरात लावत नाही. पण त्याला उत्तरही रॅपमधूनच दिले गेले. नुअर्कमध्ये जन्मलेल्या क्वीन लतिफाने १९९३ साली बायकांना अपशब्द वापरणाऱ्यांना खडसावणारे गाणे केले आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. भाषा चांगली की वाईट हे यंत्र ठरवत नाही, बोलणारा ठरवतो.

म्हणून बाईंना आणि पालकांना माझी विनंती आहे की या दोघांना पाच मिनिटे द्यावीत. अटी तीन. शिवी नको. दुसऱ्याचे शब्द नकोत. आणि जे सांगाल ते स्वतः पाहिलेले असावे. फुशारकीला काही लागत नाही, हे मला तळघरातल्या भिंतीने शिकवले.

शब्दार्थ

झीलकरी – शाहिराच्या मागे सूर धरून साथ करणारे
ठेका – तालाचा ठरलेला, पुन्हा पुन्हा येणारा आकार
यमक – ओळींच्या शेवटी जुळणारे अक्षर
फुशारकी – स्वतःची बढाई

स्वाध्याय

१. ठेक्यात मिनिटाला ८० ठोके असतील तर आठ ठोक्यांसाठी तबकडी किती फेरे मागे न्यावी लागेल?
२. 'द मेसेज' हे गाणे फ्लॅशला आणि त्याच्या सोबत्यांना का नको होते? त्यांची शंका चुकीची का ठरली?
३. फाइव्ह पॉइंट्झच्या मालकाची बाजू पाच ओळींत मांडा. मग चित्रकारांची बाजू पाच ओळींत मांडा.
४. तुमच्या शाळेत किंवा गल्लीत रोज दिसणारी, पण कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट निवडा. तिच्यावर यमक जुळणाऱ्या आठ ओळी मराठीत लिहा. अडलेला शब्द आजीला किंवा आजोबांना फोन करून विचारा, आणि त्यांना एखादा पोवाडा आठवतो का तेही विचारून या.