माळ आणि गोळी : एका शंकेचे समाधान

गेल्या चैत्रात अहमदपूर तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पंगतीकडे वळली. तेवढ्यात एक माउली पदर सावरीत पुढे आली. पदराच्या गाठीत कागदाची पुडी होती. म्हणाली, "महाराज, मालक रोज पितात. पंधरा वर्सं झाली. एकानं ही पूड दिलीय. भाजीत कालवून दे, त्यास्नी सांगू नको, म्हणलाय. आन् सासूबाई म्हणायल्यात, औषध कशाला, आषाढीला माळ घाला, आपोआप सुटंल. कोणतं खरं धरू?"

हा प्रश्न त्या एकट्या माउलीचा नव्हे. नांदेड-लातूरकडे आम्ही चाळीस वर्षे फिरत आहो. दर सप्ताहात कोणी ना कोणी बाजूला बोलावून हेच विचारते. म्हणून वाचकांपुढे तो सविस्तर मांडतो. व्यासपीठावरून बोलताना वेळ पुरत नाही, आणि अर्धे सांगितलेले या बाबतीत फार घातक होते.

ते घातक कसे होते, हे आम्ही आमच्याच चुकीने शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दिंडीतील एक मृदंगवादक, हात असा गोड की ठेका धरला म्हणजे म्हातारे टाळकरीही उड्या घेत. पण सकाळी उठल्याबरोबर त्याला घोट लागे. दिंडी निघण्याच्या दिवशी आम्ही भर मंडपात त्याला माळ घातली. टाळ्या झाल्या. त्याने आदल्या रात्रीपासून थेंब घेतला नव्हता. एक जाणता म्हणाला, "बुवा, यास आधी डॉक्टरला दाखवू." आम्ही हसून म्हटले, "ज्याच्या गळ्यात तुळस आली त्याला गोळी कशास हवी?" या शब्दांची आम्हाला आज लाज वाटते.

पहिल्या मुक्कामी त्याचे हात थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी घाम, ओकारी, अन्न नको. झोप नाही. आम्ही समजलो, वासना बाहेर पडते आहे. तिसऱ्या रात्री, लातूर अजून काही कोस पुढे असता, तो उठून बसला आणि अंगावरचे साप झटकू लागला. साप कोठलेच नव्हते. मग त्याला आकडी आली, दात बसले. टेम्पोत घालून लातूरच्या सरकारी रुग्णालयात नेला. तेथील तरुण डॉक्टर आम्हास एवढेच म्हणाले, "महाराज, आणखी थोडा उशीर केला असता तर हा हाती लागला नसता." तो वाचला. आज तो मृदंग वाजवतो. पण त्या रात्री टेम्पोत त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो असता नामही धड तोंडात येईना.

आता हे का होते ते पाहा. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद केले जाणारे शरीर उलट बाजूने जोर लावण्यास शिकते. चिखलात रुतलेली गाडी बैल सारे बळ लावून ओढत असावा आणि दोर एकाएकी तुटावा. बैल तोंडघशी पडतो. तसे दारू बंद झाली की शरीराचा तो उलटा जोर तसाच राहतो. त्यातून थरथर, घाम, धडधड. आकडी बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम होणे, नसलेले दिसणे हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. कधीमधी पिणाऱ्याला असे होत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणारा, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर न राहणारा, किंवा पूर्वी सोडताना आकडी आलेला, त्याला हा धोका मोठा. तो पापी म्हणून हे घडते असे नाही. त्याचे शरीर तसे झालेले असते.

सन 2020 च्या मार्चअखेर सर्व देशात टाळेबंदी झाली, दुकाने एका रात्रीत बंद पडली, तेव्हा हे सर्वांना दिसले. केरळात इतके हाल झाले, आत्महत्याही झाल्या, की सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांनीच विरोध केला. त्यांचे म्हणणे, यावर उपचार औषध आहे, दारू नव्हे. उच्च न्यायालयाने 2 एप्रिल 2020 रोजी त्या हुकुमास स्थगिती दिली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे एप्रिल 2021 मध्ये दारू मिळेना म्हणून सात माणसे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन मेली. नुसती बंद करून दारू सुटत नाही, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

कोणी म्हणेल, हे आजच्या डॉक्टरांचे शास्त्र झाले, आपल्या ग्रंथांचे काय? पाठशाळेत असताना गुरुजींनी आमच्याकडून चरकसंहितेची काही प्रकरणे वाचून घेतली होती. तेव्हा पाठ केले, अर्थ मात्र त्या टेम्पोतल्या रात्रीनंतर उघडला. चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय संपूर्ण मद्याच्या विकारांवर आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे की, जे अहितकर असूनही अंगवळणी पडले आहे ते एकदम न टाकता अंशाअंशाने टाकावे. एकदम टाकल्यानेही रोग होतात. आजचा डॉक्टर नेमके हेच करतो. फरक इतकाच की तो दारूचा अंश कमी करीत नाही. दारूच्या जागी मेंदू शांत ठेवणारी गोळी देतो, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम, आणि ती पाच-दहा दिवसांत उतरवीत नेऊन बंद करतो. जोडीला बी-1 जीवनसत्त्व देतो, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते उरलेले नसते आणि त्यावाचून स्मृती कायमची जाऊ शकते. आणि त्याच सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चिकित्सा तीन प्रकारची सांगितली : मंत्र, नियम, उपवास, प्रणिपात ही एक; औषध व आहार ही दुसरी; अहितापासून मनाचा निग्रह ही तिसरी. तिन्ही चिकित्साच. एकीने दुसरीचा अपमान करावा असे तेथे कोठे नाही. आमची माळ पहिलीत येते, सत्संग तिसरीत. मधली दुसरी आम्ही गाळली होती.

"पण गोळी म्हणजे दुसरी दारूच की!" असाही आक्षेप येतो. तो अगदीच पोकळ नाही. वर सांगितलेल्या शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्या घेऊन वर दारू प्यालात तर श्वास थांबू शकतो. म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत, मोजके दिवस डॉक्टरच्या नजरेखाली घ्याव्यात, घरच्यांच्या ताब्यात ठेवाव्यात. त्यानंतर काही महिने घ्यावयाच्या गोळ्या निराळ्या. नाल्ट्रेक्सोन घेतल्याने प्याल्यावर येणारी मजा फिकी पडते. अकॅम्प्रोसेटने ओढ शमते. यांची नशा येत नाही. एकीला यकृत तपासून घ्यावे लागते, दुसरीला मूत्रपिंड. अफूजन्य औषधे चालू असतील तर पहिली घेऊ नये. कोणास काय, ते डॉक्टरने ठरवावे, कीर्तनकाराने नव्हे.

आता त्या पुडीविषयी. पुडीत काय होते ते आम्हास ठाऊक नाही. देणाऱ्यालाही होते की नाही कोण जाणे. परंतु दारू सोडवण्याच्या नावाने एक खरे औषध आहे, डायसल्फिरॅम. सन 1948 च्या सुमारास डेन्मार्कमधील दोन संशोधक जंतांवरच्या औषधाचा शोध घेत होते. स्वतःवर गोळी घेऊन पाहिली आणि नंतर दारू घेतली तेव्हा चेहरा लाल, छाती धडधडे, मळमळ. त्यातून हे औषध निघाले. यकृतात दारूचे पहिले रूपांतर विषारी असते. एरवी शरीर ते झटपट पुढे ढकलते, हे औषध ती वाट अडवते. गोळी घेणाऱ्याला ठाऊक असेल तर ती कुंपणाचे काम करते : आज प्यालो तर भोगावे लागेल, हे त्याला माहीत असते. पण ज्याला सांगितलेलेच नाही, तो नित्याप्रमाणे पावशेर पिऊन येतो, आणि रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. कुंकू वाचवायला निघालेल्या बाईच्याच हातून असे घडावे? भिंतींवर रंगवलेल्या "न सांगता दारू सोडवा" या जाहिराती आम्हास म्हणूनच भयंकर वाटतात.

येथे एक पोटगोष्ट सांगून ठेवतो. या औषधाचा परिणाम गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे राहतो. त्या काळात आसव-अरिष्टेही वर्ज्य. त्यांत साधारण पाच ते दहा टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो, बाटलीवर तसे छापलेलेच असते. आम्ही गळा बसलेल्या कित्येक गायकांना द्राक्षासव दिले आहे. आता आधी विचारतो.

मग माळेचे काय, असे कोणी विचारील. गोळी पंधरा दिवसांत हाताची थरथर थांबवते. पण संध्याकाळी सात वाजता पाय ज्या वाटेने वळत, ती वाट तशीच असते. त्या वेळी हरिपाठाला बसायला जागा आणि शेजारी बसायला चार माणसे लागतात. पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचा त्यास हातभार होता. तेथेही औषध आणि माणसांचा मेळ, दोन्ही चालत आले. अमेरिकेत 1935 साली दोन पिणाऱ्यांनी, त्यांतला एक स्वतः डॉक्टर, आपसांत बोलत बसण्याची रीत काढली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणतात ती. त्यांनीही आपल्या सभासदांना बजावले आहे की दुसऱ्याचे डॉक्टर बनू नका. आम्ही ते फार उशिरा ऐकले.

त्या माउलीला आम्ही पुडी तेथेच मातीत पुरावयास लावली आणि मालकाला बोलावून घेतले. आला, ओशाळला. "सुटंल का हो?" एवढेच म्हणाला. त्याला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभागात धाडले. आठ दिवस राहिला. आषाढीला माळ घेतली. पोळ्याच्या दिवशी मित्रांनी बसवले आणि तो प्याला.

दुसऱ्या दिवशी माळ हातात घेऊन आमच्या दारी उभा. "महाराज, ही काढून घ्या. माझी लायकी न्हाई." आम्ही म्हटले, "बाबा, ताप उलटला म्हणून कोणी वैद्याकडे जाणे सोडतो काय? आज गाडीने नांदेड गाठ, डॉक्टरांना झाले तसे सांग, आणि रात्रीच्या आत इकडे ये." दिवे लागल्यावर दोघे आली. ओढ कमी करणारी गोळी डॉक्टरांनी लावून दिली होती. आम्ही माळ पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. बायकोने विचारले, "महाराज, ही सकाळची गोळी काकड्याच्या आधी देऊ का नंतर?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"खाऊन घ्या म्हणाले."

"मग काकडा झाल्यावर, भाकरी खाऊन. आणि तुझ्या हातानं दे, माय."