शाळेतील संगणक व त्याची संचालनप्रणाली : तुलना आणि निवड

चासकमान धरणाच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यात येते आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जाते. कालवा एक आणि शेते अनेक, यामुळे पाण्याच्या पाळ्या ठरवाव्या लागतात. कोणाचे दार केव्हा उघडावयाचे, किती वेळ उघडे ठेवावयाचे आणि कोणाला थांबावयास सांगावयाचे, हे पाहण्याचे काम पाटकऱ्याचे असते. पाटकरी स्वतः पीक काढीत नाही. परंतु तो नसेल तर वरच्या शेतात पाणी तुंबेल आणि खालचे शेत कोरडे राहील. संगणकात हेच काम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालनप्रणाली, करीत असते. संगणकाचा मेंदू एक आणि त्याच्याकडे काम मागणारे कार्यक्रम अनेक. कोणत्या कार्यक्रमास मेंदूचा किती वेळ द्यावा, स्मृतीतील किती जागा द्यावी, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणाकडे पोहोचवावे, छपाईयंत्रास केव्हा हुकूम सोडावा, हे सर्व ती ठरविते. कालव्याकाठच्या मुलांना हा दृष्टान्त सांगितला असता व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही.

पाटकरी बदलला म्हणून उसाचा गहू होत नाही. त्याचप्रमाणे संचालनप्रणाली बदलली म्हणून मुलाने लिहिलेला निबंध वा शिक्षकाने केलेला निकालतक्ता बदलत नाही. पाळीची शिस्त आणि दाराच्या किल्ल्या मात्र बदलतात. हा भेद नीट समजला म्हणजे या विषयावर शिक्षकांत जे वाद होतात, त्यांतील निम्मे आपोआप मिटतात.

हा विषय आज निकडीचा होण्यास एक प्रत्यक्ष कारण घडले आहे. शाळांतील बहुसंख्य संगणक विंडोज या प्रणालीवर चालतात. तिच्या ‘विंडोज ७’ या आवृत्तीस सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविले, आणि ‘विंडोज १०’ या आवृत्तीची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. काही अटींवर वा शुल्क भरून थोड्या काळापुरत्या वाढीव दुरुस्त्या घेता येतात. पण तो तात्पुरता उपाय होय. पुढील ‘विंडोज ११’ या आवृत्तीस किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय असलेला, कंपनीच्या यादीतील संगणक लागतो. साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. लोकवर्गणीतून घेतलेले, अथवा एखाद्या कारखान्याने आपल्या कार्यालयातून काढून शाळेस भेट दिलेले संगणक नेमके याच वयाचे असतात. ते चालू आहेत, त्यांचा पडदा स्वच्छ आहे, कळफलकाची एखादी कळ तेवढी निखळली आहे. आणि तरीही ‘कालबाह्य’ असा शेरा मारून जडवस्तू नोंदवहीतून त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. असा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पुढील विवेचन अवश्य लक्षात घ्यावे. दोन शिक्षकी शाळेत एक संगणक कमी झाला तर तेथील मुलांच्या वाट्याचा निम्मा वा सगळाच संगणक जातो.

प्रथम विंडोजचा विचार करू. तिचा मोठा गुण म्हणजे ती सर्वत्र आहे. शिरूरच्या वा दौंडच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्त करणारा कारागीर तिच्याशी परिचित असतो. छपाईयंत्र आणले की ते तिच्यावर चालेल असे गृहीत धरता येते. २००१ साली सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम अनेक शिक्षकांनी तिच्यावरच पुरा केला आहे. हा गुण लहान नव्हे. रात्री आठ वाजता माहिती भरावयाची असताना यंत्र अडले, तर ज्या प्रणालीची माहिती शेजारच्या गुरुजींना आहे तीच प्रणाली उपयोगी पडते. तिचे दोष दोन. ती परवाना घेऊन वापरावयाची असते आणि नव्या आवृत्तीबरोबर नवे यंत्र मागते. परवाना चुकविण्यासाठी अनधिकृत प्रत टाकून देणारे लोक सर्वत्र भेटतात. शाळेने त्या वाटेस जाऊ नये. ते नियमबाह्य तर आहेच. शिवाय अशा प्रतीत आणखी काय दडवून आणले आहे हे कोणास कळत नाही, आणि त्याच यंत्रावर मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक भरले जातात.

दुसरी प्रणाली लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्या गाभ्यास जोडली गेली आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. तिची घडण कोणासही पाहता येते, तीत बदल करता येतो, आणि तिच्या प्रती काढून वाटता येतात. परवान्यातच तशी मुभा आहे. एका गावातील शिक्षकाने दुसऱ्या गावातील शिक्षकास ती पेनड्राइव्हवर दिली तर तो गुन्हा न होता सहकार्य ठरते. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही तिचीच निरनिराळी वितरणे होत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे भारतीय वितरण काढले असून त्यात मराठीची सोय आहे. शाळांसाठी त्याची ‘एज्युबॉस’ ही निराळी आवृत्तीही काढण्यात आली.

लिनक्सचा शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे ती जुन्या यंत्रास सांभाळून घेते. लिनक्स मिंट २ जीबी स्मृतीवर चालते, ४ जीबी असल्यास कामास सोयीचे पडते. पेनड्राइव्हमधून पसरणारे बहुतेक विषाणू विंडोजसाठी लिहिलेले असल्याने ते येथे निष्प्रभ ठरतात. परंतु तिचे गोडवे गाणारे जे सांगत नाहीत तेही सांगितले पाहिजे. काही छपाईयंत्रे व स्कॅनर तिच्याशी सहज जुळत नाहीत. काही शाळांनी विकत घेतलेले ई-शिक्षणाचे संच केवळ विंडोजसाठी बनविलेले असतात. ते तिच्यावर सरळ चालत नाहीत. वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला असता रकाने थोडे सरकतात. तसेच अगदी जुन्या, बत्तीस-बिट प्रकारच्या संगणकांना लिनक्सचाही आधार आता तुटत चालला आहे. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय काढून टाकली. म्हणजे प्रत्येक जुना संगणक वाचतोच असे नाही.

अँड्रॉइड ही तिसरी प्रणाली शिक्षकांच्या खिशातच आहे. तिचा गाभाही लिनक्सचाच. वीज गेली तरी टॅबलेट काही तास चालतो, आणि दीक्षा ॲपवरील पाठ्यपुस्तके व चित्रफिती तीवर सुलभतेने पाहता येतात. पहिली-दुसरीच्या मुलांना बोटाने अक्षर गिरविण्यास ती उत्तम. परंतु पडद्यावर बोट फिरविता येऊ लागले म्हणजे मूल संगणक शिकले, असे मानण्याची जी प्रथा पडत चालली आहे ती बरोबर नाही. टॅबलेटवर मूल मुख्यतः पाहते. लिहिणे, जतन करणे, शोधणे, दुरुस्त करणे या क्रिया तेथे गौण होतात. शिवाय स्वस्त टॅबलेटना कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या थोड्याच वर्षांत थांबतात. क्रोम-ओएस ही प्रणाली जुन्या यंत्रांसाठीही मिळते. पण तिची बरीच कामे इंटरनेटवर विसंबून असल्याने जेथे संपर्क टिकत नाही तेथे तिचा उपयोग बेताचाच. ॲपलची प्रणाली ॲपलच्याच महाग यंत्रांसाठी असते. तिचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

शालार्थ, सरल, यू-डायस प्लस ही कामे ब्राउझरमधून चालतात. तो यांपैकी कोणत्याही प्रणालीवर असतो. यास्तव ‘शासकीय कामास विंडोजच पाहिजे’ हा समज तपासून पाहावा.

मराठी लेखनाचा प्रश्न मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण शाळेचे खरे नुकसान येथेच झाले आहे. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसविलेला असे. तो टंक ज्या यंत्रावर आहे तेथे मजकूर मराठी दिसे. दुसऱ्या यंत्रावर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांची रास होई. कित्येक शाळांचे प्रगतिपत्रकांचे नमुने, हस्तलिखिते आणि स्नेहसंमेलनाची वृत्ते अशा रीतीने न वाचता येण्याजोगी झाली आहेत. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमधील मजकूर विंडोज, लिनक्स व अँड्रॉइड या तिन्हींवर सारखाच वाचता येतो. भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकही विंडोज व लिनक्स या दोहोंत उपलब्ध आहे. त्यावर ‘र’ जेथे आहे तेथेच शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो, आणि ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह ‘ळ’. पाचवीत ज्या मुलाचा हात या कळफलकावर बसला, त्याला पुढे कोणत्याही प्रणालीसमोर बसविले तरी मराठी लिहिता येते.

केरळ राज्यातील शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणालीचा स्वीकार केला, हे उदाहरण वारंवार सांगितले जाते. ते सांगताना तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण हा त्या योजनेचा कणा होता, याचा पुष्कळदा विसर पडतो. आपल्याकडे नुसती प्रणाली बसवून संगणकावर कापडी झाकण घातले, तर सहा महिन्यांनी ते यंत्र कोणीतरी पुन्हा पहिल्यासारखे करून घेईल. यासाठी केंद्रातील निदान दोन शिक्षकांनी प्रथम स्वतः सराव करावा, आणि मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतरांस ती दाखवावी.

हीच तुलना सहावी-सातवीच्या वर्गात एका पाठाचा विषय होऊ शकते. विंडोजचा संगणक, लिनक्सचा संगणक व एक टॅबलेट मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास एकाच संगणकावर पेनड्राइव्हमधून लिनक्स चालवून दोन्ही दाखविता येतात. मुलांचे गट पाडावेत व प्रत्येक गटास एकच काम द्यावे. यंत्र सुरू होण्यास लागलेला वेळ भिंतीवरील घड्याळावर मोजावा. नंतर पुढील मजकूर लिहावयास सांगावे : ‘दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. येथून एका मार्गाने सोलापूरकडे व दुसऱ्या मार्गाने मनमाडकडे जाता येते. शिरूर हे गाव घोडनदीच्या काठी वसले आहे.’ यात ‘ऱ’, ‘ळ’ व जोडाक्षरे यांपैकी काय आले आणि काय राहिले हे मुलांनीच शोधावे. ‘ळ’ राहिला आहे. तो आणण्यासाठी चौथे वाक्य त्यांनी स्वतः रचावे. मजकूर जतन करावा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, फाइल शोधून काढावी आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. वेळांची सरासरी काढणे हा गणिताचा भाग आपोआप होतो. कोणती प्रणाली चांगली, हे शिक्षकांनी अगोदर सांगू नये. टॅबलेट सर्वांत लवकर सुरू झाला पण लिहिण्यास सर्वाधिक वेळ लागला, असे एखाद्या गटास आढळले तर त्या विसंगतीवर वर्गात चर्चा होऊ द्यावी.

जुन्या संगणकावर लिनक्स बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहणे अगत्याचे आहे. या पद्धतीत संगणकातील तबकडीस हात लागत नाही. पेनड्राइव्ह काढला की यंत्र पूर्वीसारखेच सुरू होते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. अशा स्थितीत पडदा, आवाज, इंटरनेट व छपाईयंत्र यांची परीक्षा घ्यावी. छपाई होत नसेल तर तेथेच थांबावे, कारण शाळेस दाखले छापावे लागतात. सर्व ठीक आढळल्यास शाळेची कागदपत्रे दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत, त्यांतील एक प्रत उघडून पाहावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंद करावी, आणि मगच बसवावयास घ्यावे. तबकडीत जागा असल्यास पहिले वर्षभर दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. मात्र तसे केल्यास मुदत संपलेल्या विंडोजमधून इंटरनेटचे काम करू नये. हे सर्व काम दिवाळीच्या सुटीत वा जूनच्या आरंभी काढावे. एप्रिलमध्ये, निकालपत्रकांच्या धांदलीत, काढू नये.