बर्फाच्या उतारावरील लहान घर

सुट्टीसाठी डोंगरावर जावे आणि तेथे काही दिवस राहावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने १८५० साली माथेरानचा डोंगर पाहिला, पुढे तेथे बंगले उभे राहिले आणि १९०७ मध्ये नेरळहून लहान आगगाडी वर पोहोचली. परंतु माथेरान काय किंवा महाबळेश्वर काय, तेथील मूळची वस्ती ही ज्यांना स्वतःचा बंगला बांधणे शक्य होते अशा मोजक्यांची होती. एका विशाल समाजातील सामान्य पगारदार माणसाला दर वर्षी डोंगरावर नेऊन तेथे त्याला राहावयास जागा द्यावयाची, तीही बर्फाने वेढलेल्या आणि बांधकामास अत्यंत प्रतिकूल अशा उंचीवर, हा प्रश्न निराळाच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने तो सोडविण्याचा जो प्रयत्न केला, त्यातून 'सुट्टीची सदनिका' नावाचा एक स्वतंत्र वास्तुप्रकार जन्मास आला. त्या प्रकाराचा अभ्यास या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम सुट्टीचा इतिहास लक्षात घेतला पाहिजे. कारण घराच्या आधी रजा आली. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. १९५६ मध्ये ती तीन आठवड्यांची, १९६९ मध्ये चार आठवड्यांची व १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली. उन्हाळ्यातील रजा समुद्रकाठी जाऊ लागली. उरलेला एखादा आठवडा हिवाळ्यात घालविता येईल असे दिसताच शासनाचे लक्ष आल्प्स पर्वताकडे वळले. डोंगरातील खेडी ओस पडत होती, तरुण मंडळी शहरांकडे चालली होती. परदेशी प्रवासी आले तर परकीय चलन मिळेल, असाही हिशेब होता. १९६४ पासून राबविण्यात आलेली 'हिम-योजना' ही या सर्व विचारांची निष्पत्ती होय. जुन्या खेड्याभोवती हळूहळू वाढणारी वस्ती हिला नको होती. उंचावर, जेथे बर्फ अधिक काळ टिकते अशा मोकळ्या जागी, एकाच प्रवर्तकाच्या हातून आखलेली संपूर्ण नवी गावे तिला हवी होती. माणसाने दारातून बाहेर पडावे, पायांना स्की बांधावी आणि थेट उतारावरून घसरत जावे, ही तिची कल्पना. मोटारींना गावाच्या कडेलाच थांबवावयाचे. आपल्याकडील वाचकास येथे माथेरानच्या दस्तुरी नाक्याची आठवण होईल, आणि ती अगदीच चुकीची ठरणार नाही.

अशा गावांपैकी तीन विशेष प्रसिद्धीस आली. आव्होरियाझ हे १९६६ मध्ये सुरू झाले. त्याच्या लाकडी आच्छादनाच्या इमारती कड्यांच्या आकाराशी मिळत्याजुळत्या आहेत. फ्लेन हे मार्सेल ब्रॉयर या वास्तुविशारदाने काँक्रीटमध्ये घडविले व ते १९६९ मध्ये खुले झाले. हाच ब्रॉयर हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियसचा सहकारी म्हणून १९४६ पर्यंत शिकवीत होता. कोकणातील आचरे येथे जन्मलेले अच्युत कानविंदे हे १९४५ मध्ये त्याच विद्यापीठात शिकावयास गेले होते. पुढे बंगळूरच्या कृषिविद्यापीठाच्या ज्या इमारती कानविंदे यांनी उभारल्या, त्यांचे काँक्रीट आणि फ्लेनचे काँक्रीट ही दूरची भावंडे आहेत असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र घराच्या आतील भागाचा, म्हणजे प्रत्यक्ष राहण्याचा, सर्वांत खोल विचार जेथे झाला ते गाव तिसरे : साव्हॉय प्रांतातील ले आर्क.

ले आर्कची कल्पना रॉबेर ब्लाँ नावाच्या स्थानिक पर्वतवाटाड्याची. बूर-सँ-मॉरिस गावाच्या वरचे उतार त्याच्या पायाखालचे होते. रॉजे गोदिनो या उद्योजकाने त्यासाठी भांडवल व संघटना उभी केली. १६०० मीटर उंचीवरील पहिले गाव १९६८ च्या डिसेंबरात उघडले, १८०० मीटरवरील १९७४ मध्ये आणि २००० मीटरवरील १९७९ मध्ये. ब्लाँ स्वतः १९८० मध्ये ज्या डोंगरावर त्याने हे सारे उभे केले, तेथेच हिमलोटात सापडून मरण पावला. या तरुण वास्तुविशारदांच्या गटात साठी ओलांडलेली एक स्त्री होती. शार्लोत पेरियाँ हे तिचे नाव.

पेरियाँचा जन्म १९०३ चा, पॅरिसमधला; परंतु बालपणीचा काही काळ साव्हॉयच्या डोंगरांत गेलेला. १९२७ मध्ये ती ले कॉर्ब्युझिए व त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या कार्यालयात दाखल झाली आणि दहा वर्षे तेथे राहिली. याच दोघा भावांनी पुढे चंदीगड घडविले. पेरियाँकडे त्या कार्यालयात खुर्च्या, कपाटे, स्वयंपाकघर ही कामे आली. मोठ्या वास्तुविशारदांना ती किरकोळ वाटत असावीत. तिला तशी ती कधीच वाटली नाहीत. ती स्वतः कसलेली गिर्यारोहक होती, आणि डोंगरावरच्या रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न तिने अभियंता आंद्रे तूर्नाँ याच्यासह १९३०च्या दशकातच हाताळला होता. त्यांनी ॲल्युमिनियमचा जो निवारा तयार केला, तो सुमारे ४ मीटर लांब व २ मीटर रुंद होता आणि त्यात सहा माणसे झोपू शकत. १९४० मध्ये जपानी शासनाच्या निमंत्रणावरून ती जपानला गेली. दिवसा बसण्याची जागा रात्री झोपण्याची होते, भिंत सरकते, सामान भिंतीत नाहीसे होते, हे तिने त्या घरांत पाहिले. मराठी वाचकाला हे पाहण्यासाठी जपानला जावे लागत नाही. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत वळकट्या, फडताळ, माळा आणि भिंतीवरच्या खुंट्या यांनी कितीतरी कुटुंबांचे संसार पार पाडले आहेत. फरक एवढाच की चाळीत तडजोड राहणाऱ्याने केली, आणि ले आर्कमध्ये ती बांधणाऱ्याने आधीच विचारपूर्वक करून ठेवली.

आता प्रत्यक्ष सदनिकेत प्रवेश करू. तिचे क्षेत्रफळ बहुधा पंचवीस-तीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेतीनशे ते सव्वातीनशे चौरस फूट. तीत चार माणसांनी आठवडाभर राहावयाचे. सदनिका रुंदीला थोडी आणि खोलीला लांब आहे, कारण प्रत्येक कुटुंबाला डोंगराकडे तोंड असलेली एक पूर्ण भिंत मिळालीच पाहिजे असा आग्रह होता. दारापाशी, जेथे उजेड कमी, तेथे न्हाणीघर व मुलांसाठी एकावर एक बसविलेल्या खाटा. ओले कपडे आणि जाड बूट तेथेच राहतात. पुढे स्वयंपाकाची जागा, आणि त्यापलीकडे बैठक. तिची बाहेरची बाजू सर्व काचेची. खिडकीला लागून बुटके लांब बाक. दिवसा त्यावर बसावे, रात्री गादी ठेवून झोपावे. लाकूड पाइनचे. तीन पायांची साधी स्टुले आहेत. गवळी गाय पिळताना बसतो त्या चौरंगीवरून त्यांचा आकार घेतला आहे. पडदे, गालिचे, शोभेच्या वस्तू यांना जवळजवळ फाटा दिलेला. खरे दृश्य काचेबाहेर आहे, आतल्या भिंतीने त्याच्याशी स्पर्धा करू नये, हे धोरण त्यामागे दिसते.

स्वयंपाकघराविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. बैठकीपासून ते केवळ एका फळीने, हॉटेलातील गल्ल्यासारख्या उंच ओट्याने, वेगळे केलेले आहे. मार्सेय येथील ले कॉर्ब्युझिएच्या प्रचंड निवासी इमारतीसाठी पेरियाँने असाच ओटा पूर्वी सुचविला होता. आज अशी रचना सर्वत्र दिसते, म्हणून तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही. त्या काळी मध्यमवर्गीय फ्रेंच घरात स्वयंपाकघर म्हणजे मागच्या अंगाची एक बंद खोली होती. घरातील इतर सर्वांना सुट्टी, आणि गृहिणीचे मात्र गाव बदलले तरी चूल तीच. या स्थितीत ती भिंतीआड बोलण्यातूनही वगळली जात असे. ओट्यापाशी उभी असलेली स्त्री बैठकीकडे तोंड करून उभी राहते, डोंगर तिलाही दिसतो, आणि भांडी पुसावयास दुसऱ्याला उठावे लागते. शेवटची गोष्ट प्रत्यक्षात किती घरी घडली हे इमारत सांगू शकत नाही.

न्हाणीघराची कथा निराळी आहे. इतक्या उंचीवर बांधकामाचा हंगाम बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचा, म्हणजे थोड्या महिन्यांचा. गवंडी, नळकाम करणारा, फरशी बसविणारा यांना एकामागून एक वर नेऊन प्रत्येक न्हाणीघर घडवावयाचे म्हटले तर हिवाळा येऊन ठेपणार. म्हणून १८०० मीटरवरील गावासाठी, १९७०च्या दशकाच्या मध्यास, न्हाणीघरे कारखान्यातच तयार करण्यात आली. नौकांचे सांगाडे ज्या प्रकारे घडवितात, त्याच पद्धतीने पॉलिएस्टरच्या अखंड कवचात टब, बेसिन आणि भिंती एकत्र ओतल्या. ही कवचे डोंगरावर आणून यारीने उचलून इमारतीत बसविली की नळ जोडणे एवढेच काम उरे. कोपरे गोल असल्यामुळे ती पुसावयासही सोपी होती. याच घाईमुळे सर्व सदनिका एकाच साच्याच्या झाल्या हे मान्य करावे लागते. गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच मोरी, असा त्याचा एक अर्थ निघतो. माणसागणिक घर वेगळे असावे ही अपेक्षा सोडून द्यावी लागली, असा दुसरा.

इमारतींचे बाह्यरूपही यातूनच ठरले. १६०० मीटरवरील 'कास्काद' ही इमारत दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरत जाते. त्यामुळे प्रत्येक गच्चीवर ऊन पडते व वरच्या मजल्यावरील माणसास खालच्याच्या गच्चीत डोकावता येत नाही. उलट उत्तरेकडे तिची भिंत वर जाताना पुढे झुकते आणि खालून जाणाऱ्यांवर बर्फ पडू देत नाही. १८०० मीटरवरील लांबलचक इमारती उताराच्या कलाप्रमाणे खाली उतरत गेल्या आहेत. बर्फात दुरून पाहता त्या डोंगराचाच एक थर वाटतात. उन्हाळ्यात, हिरव्या कुरणावर, त्या तितक्याशा दडत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

या ठिकाणी एक तुलना उद्‌बोधक ठरेल. बंगळूरच्या पश्चिमेस राजाजीनगर ही वसाहत १९४९ च्या सुमारास औद्योगिक उपनगर म्हणून आखण्यात आली. राजाजी त्या वेळी गव्हर्नर-जनरल होते आणि त्यांचे नाव तिला लाभले. कारखान्यातील माणसाला थोड्या जागेत पुरेसे घर मिळावे, हा अशा वसाहतींमागचा विचार. ले आर्कची सदनिकाही लहान आहे, परंतु वर्षातील एकावन्न आठवडे इतरत्र राहणाऱ्यासाठी. तिच्यात धान्याचा साठा, पाहुणा, आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा यांना जागा नाही. ती असण्याचे कारणही नाही. लहान घराचे जे गुण सुट्टीच्या घरात खुलून दिसतात, तेच रोजच्या घरात जाच ठरू शकतात. पेरियाँच्या कामाचे गोडवे गाताना समीक्षक हा भेद पुष्कळदा विसरतात.

आणि खुद्द सुट्टीच्या घराचेही सर्व हिशेब जुळले नाहीत. गाव उभारण्याचा खर्च सदनिका विकून भागवावयाचा होता. त्या विकत घेणारे बहुतेक शहरी मध्यमवर्गीय व त्याहून वरच्या थरातील लोक. स्कीचे सामान, उतारावर नेणाऱ्या यंत्रांचे तिकीट, प्रवास हे सर्व मिळून कारखान्यातील कामगाराला ही सुट्टी सहसा परवडली नाही. त्याच्या नावाने निघालेली रजा दुसऱ्यांनीच डोंगरावर घालविली. पुढे मालक वयस्कर झाले, येणे कमी झाले, आणि सदनिका वर्षातील बहुतांश काळ कुलूपबंद राहू लागल्या. फ्रेंच लोक अशा जागांना 'थंड बिछाने' म्हणतात. लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूस पावसाळा संपताच खिडक्या लावून घेतलेल्या इमारती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. १९७७ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी डोंगरांतील या अनिर्बंध बांधकामास आवर घालण्याची भूमिका जाहीर केली व १९८५ मध्ये पर्वतप्रदेशासाठी स्वतंत्र कायदा झाला. आता हिमही पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही आणि कमी उंचीवरील काही स्की-केंद्रे बंद झाली आहेत. ले आर्कला उंचीचा आधार आहे. १९८९ पासून बूर-सँ-मॉरिसच्या रेल्वे स्थानकापासून १६०० मीटरपर्यंत दोराने ओढली जाणारी गाडी धावते, त्यामुळे मोटारीशिवाय तेथे पोहोचणे सोपे झाले.

पेरियाँ १९९९ मध्ये, शहाण्णव वर्षांची होऊन, वारली. तोपर्यंत तिच्या सदनिका जुनाट वाटू लागल्या होत्या. अनेक मालकांनी पाइनचे बाक उखडले, ओटे फोडले, नारिंगी-तांबडी कवचे मोडून तेथे पांढऱ्या फरश्या बसविल्या. काढलेले सामान इमारतीखाली टाकून देण्यात आले. नंतर तिची कीर्ती वाढली आणि तीच स्टुले, तेच आरसे व दिवे लिलावांत मोठ्या किमतीला जाऊ लागले. ज्यांनी केवळ आळसाने किंवा पैशाच्या अभावी काहीच बदलले नव्हते, त्यांच्या सदनिका आज सर्वांत मौल्यवान मानल्या जातात. मूळ सामानासह राहिलेली सदनिका आता आठवड्याच्या भाड्याने मुद्दाम शोधून घेतली जाते. असे भाडेकरू उतारावर जाण्यापूर्वी बराच वेळ कपाटांची दारे उघडून पाहण्यात घालवितात.