पर्वदिनाचा निर्णय : तिथी, मास आणि शक

गेलेला दिवस परत येत नाही. परत येते ती त्याची आठवण. वर्षातील एका ठरलेल्या दिवशी ती आठवण सर्वांनी मिळून जागवावी, एवढ्यासाठी जयंती, पुण्यतिथी व उत्सव यांची योजना झाली आहे. परंतु तो ठरलेला दिवस कोणता, याविषयी पुष्कळदा मतभेद होतात. एका गावी जन्माष्टमी आज, तर शेजारच्या गावी उद्या. कोणी शिवजयंती १९ फेब्रुवारीस करतो, तर कोणी फाल्गुन वद्य तृतीयेस. मग ‘आमचा दिवस खरा, तुमचा खोटा’ असा वाद माजतो आणि ज्याच्यासाठी दिवस, ते स्मरण बाजूलाच राहते. म्हणून वादात शिरण्यापूर्वी कालगणनेची मूलतत्त्वे समजून घेणे भिक्षू व वासनिक या दोघांसही आवश्यक आहे.

तिथीचे स्वरूप

चंद्रास सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्यास जो काळ लागतो, ती एक तिथी होय. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास होतो व त्याचे सरासरी मान सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे असते. चंद्राची गती सदैव सारखी नसते. त्यामुळे एखादी तिथी २० तासांच्या सुमारास संपते, तर एखादी २६ तासांहूनही अधिक चालते. दिवस मात्र सूर्योदयापासून मोजला जातो, आणि सूर्योदयी जी तिथी असेल तीच सामान्यतः त्या दिवसाची मानली जाते. एकच तिथी दोन सूर्योदयी असेल तर तिची वृद्धी झाली असे म्हणतात. एकाही सूर्योदयास जी सापडत नाही, तिचा क्षय होतो.

जन्माष्टमीच्या मतभेदाचे मूळ येथेच आहे. श्रीकृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा; म्हणून मध्यरात्री अष्टमी असेल तो दिवस काहींनी मुख्य मानला. इतरांनी सूर्योदयीची अष्टमी प्रमाण धरली. ज्या वर्षी या दोन अष्टम्या वेगवेगळ्या दिवशी येतात, त्या वर्षी उत्सवही दोन दिवशी होतात. पंचांग एकच, तिथी एकच. भेद केवळ निर्णयाच्या नियमाचा आहे. दोहोंपैकी कोणीही असत्याचरण करीत नाही.

मासाचे दोन प्रकार

महाराष्ट्र, गुजरात व दक्षिणेकडील अनेक प्रांतांत महिना अमावास्येस संपतो. त्यास अमान्त मास म्हणतात. उत्तर भारतात तो पौर्णिमेस संपतो. तो पूर्णिमान्त मास. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात मात्र उत्तरेकडील नाव एका महिन्याने पुढे जाते. म्हणून महाराष्ट्रातील श्रावण वद्य अष्टमी ही पंजाबात भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. पंजाबात महानुभाव पंथ ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला जातो. तेथील एखाद्या वासनिकाने भाद्रपदातील जन्माष्टमीचा उल्लेख केला, तर त्याने महिना चुकविला असे समजू नये. आकाशातील चंद्र दोघांचा एकच आहे. याउलट सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा अवतारदिन भाद्रपद शुद्ध द्वितीया हा शुद्ध पक्षातील असल्याने त्याच्या मासनामात हा भेद मुळीच उत्पन्न होत नाही.

अधिक मास

बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांहून किंचित मोठे. दरवर्षी पडणारे हे सुमारे ११ दिवसांचे अंतर भरून काढण्यासाठी साधारणतः ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक मास घेतला जातो. १९ वर्षांत असे ७ अधिक मास येतात. एरवी सण ऋतूंपासून ढळले असते व श्रावणातील पर्वे कालांतराने उन्हाळ्यात आली असती.

येथे एक उदाहरण मननीय आहे. १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी शके १८६९ मधील अधिक श्रावणाची वद्य चतुर्दशी होती. हीच तिथी अक्षरशः पाळावयाची असे कोणी ठरविले, तर अधिक श्रावण दरवर्षी येत नसल्याने कित्येक वर्षे स्वातंत्र्यदिन करताच येणार नाही. राष्ट्राने तो दिनांकाने पाळावा हेच योग्य. कारण सत्तांतराचा निर्णयच मुळात दिनांकाने झाला होता.

शक आणि संवत

जुन्या पोथ्यांतील काळ बहुधा शालिवाहन शकात दिलेला असतो. त्याचे इसवी सन काढताना चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवावेत. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. हा दुसरा नियम विसरल्यामुळे छापील ग्रंथांतही एका वर्षाची चूक शिरते. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. म्हणून ७८ मिळवून सन १६७४. जेधे शकावलीप्रमाणे त्यांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. येथे ७९ मिळवून सन १६३० येते. ७८ च मिळविल्यास १६२९ असे चुकीचे वर्ष हाती लागेल.

पडताळ्यासाठी संवत्सराचे नाव उपयोगी पडते. साठ संवत्सरांच्या चक्रात ‘शुक्ल’ हे तिसरे व ‘आनंद’ हे अठ्ठेचाळिसावे. जन्म शुक्ल संवत्सरातील व राज्याभिषेक आनंद संवत्सरातील; दोहोंत ४५ वर्षांचे अंतर. शके १५५१ व १५९६ यांतील अंतरही ४५ च आहे. पोथीतील अंक व नाव असे परस्परांशी जुळले म्हणजे नकलकाराच्या हातून अंक चुकला नाही, याची बरीच खात्री पटते.

विक्रम संवतात आणखी एक सूक्ष्म भेद आहे. उत्तरेत ते चैत्रात बदलते, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या एकाच दिवसासाठी गुजरातेतील संवत् एकाने कमी असते. गुजरातकडील लेखांचा काळ ठरविताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दिनांकही निरपेक्ष नाही

तिथी चंचल व दिनांक अचल, असा सर्वसाधारण समज आहे; तो अर्धाच खरा. राज्याभिषेकाचा ६ जून हा दिनांक इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या गणनेप्रमाणे आहे. इंग्लंडने नवी गणना १७५२ मध्ये स्वीकारली, तेव्हा २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर मानण्यात आला. आजच्या गणनेने पाहिल्यास राज्याभिषेकाचा दिवस १६ जून १६७४ असा येतो. म्हणून रायगडावर ६ जूनला जमणाऱ्याने तिथीने जमणाऱ्यास चुकीचे ठरविण्याचे कारण नाही.

सौर पर्वेही हळूहळू सरकतात. मकरसंक्रांत हल्ली १४ किंवा १५ जानेवारीस येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, तो दिनांक १२ जानेवारी १८६३ होता.

गणनांच्या या बाहुल्यावर उपाय म्हणून भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली. तिच्या अहवालानुसार २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. राजपत्रावर ते दिनांक छापले जातात. परंतु लोकांचे सण पूर्वीच्याच तिथींनी चालू राहिले.

लोकव्यवहारात दोन्ही गणना सुखाने नांदू शकतात, याचे उदाहरण नागपूरचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली. तो दिवस विजयादशमीचा होता. दीक्षाभूमीवर विजयादशमीसही समुदाय लोटतो आणि १४ ऑक्टोबरसही. एकाने दुसऱ्याचे महत्त्व उणे होत नाही.

शंका व समाधान

शंका : तिथीच्या निर्णयात एवढे भेद असतील, तर चुकीच्या दिवशी केलेले स्मरण व्यर्थ जाते काय?

समाधान : नाही. स्थान, प्रसाद, भिक्षू व वासनिक ही चार साधने पंथात सांगितली आहेत. त्यांत तिथीची गणना नाही. नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण नित्य करावयाचे आहे. ते वर्षातून एका दिवसापुरते नाही. पर्वदिन हे त्या नित्य स्मरणाचे सामुदायिक निमित्त आहे. जो वर्षभर विसरला व एका दिवशी घटिकापळे मोजून आठवला, त्याच्या अचूकपणाचे मोल फार नाही.

शंका : मग दिवस कोणताही धरला तरी चालेल काय?

समाधान : तसेही नाही. भट्टोबासांच्या अनुमतीने म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांस पुसून पुसून. स्थानपोथीत कोणते स्थान कोठे व कोणत्या दिशेस, हे काळजीपूर्वक नोंदविले गेले. पूर्वजांनी स्थळाविषयी जी दक्षता घेतली, तीच काळाविषयी घेणे हे पुढील पिढ्यांचे ऋण आहे. आज निष्काळजीपणाने छापलेला एक अंक उद्या प्रमाण म्हणून उद्धृत होतो आणि शतकभराने त्यावरून वाद होतो.

उपसंहार

यावरून तीन नियम निघतात. घटना ज्या गणनेत मुळात नोंदली गेली, ती गणना प्रथम पाहावी व तीच मुख्य मानावी. तिथी लिहिताना मास, पक्ष, शक आणि शक्य तेथे संवत्सराचे नाव ही सर्व अंगे लिहावीत. वद्य पक्ष असेल तर मास अमान्त की पूर्णिमान्त हेही स्पष्ट करावे. आणि ज्या गावी जो निर्णय रूढ आहे, तेथे त्याप्रमाणे समुदायात मिसळून स्मरण करावे; निर्णयभेदास मनोभेदाचे कारण होऊ देऊ नये. नोंद करताना काटेकोर राहावे आणि उत्सव करताना उदार राहावे.